ओव्हर द कॅप: जायबंदी क्वार्टरबॅक विकावा का, याचा हिशेब दाखवणारी साइट

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, पाहणाऱ्या नागपूरकरांची सोमवारची सकाळ लवकर होते. अमेरिकेतला रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे पहाटे ५:५० ला सुरू होतो, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की ६:५० ला. म्हणजे सामना संपायच्या आत तर्री-पोह्याची गाडी लागलेली असते. आणि मोसमात एकदा तरी त्या गाडीवर हा वाद होतोच: पस्तिशी उलटलेला नामांकित क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू) दुखापत होऊन बसला, आता त्याला काहून सांभाळायचं, ट्रेड करून मोकळं व्हा!

असं वाटतं, कारण आपल्याला सवय आयपीएलची. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला गेला आणि त्याचे १५ कोटी गुजरातच्या पर्समध्ये मोकळे झाले, विषय संपला. एनएफएलमध्ये खेळाडू जातो, पण त्याच्या खर्चाचा एक तुकडा जुन्या संघाच्या माथी राहतो. तो तुकडा किती मोठा, हे बघायला ओव्हर द कॅप ही साइट आहे. फुकट आहे. जेसन फिट्झजेराल्ड यांनी ती सुरू केली आणि कराराचे आकडे पाहायचे तर आजही पहिल्यांदा तीच उघडावी.

संघ निवडला की खेळाडूंची यादी येते. खेळाडूच्या नावावर टिचकी मारली की वर्षवार तक्ता: मूळ पगार, बोनसचा त्या वर्षाचा हिस्सा, हमीची रक्कम, कॅपवर (संघाच्या वर्षाच्या पगारखर्चाची मर्यादा) लागणारा एकूण आकडा. त्याच पानावर पर्याय बदलता येतात: सोडला तर, ट्रेड केला तर, १ जूनच्या आधी, १ जूननंतर, करार फिरवला तर. पर्याय बदलला की डेड मनी (हाच तो जुन्या संघाच्या माथी राहणारा तुकडा) आणि बचत बदलते. रकाने पुष्कळ आहेत, फोन आडवा धरावा. शिवाय स्वल्पविराम तिकडच्या पद्धतीचे आहेत. ४०,०००,००० हे चार कोटी डॉलर, चाळीस लाख नव्हेत. ही चूक गाडीवर हमखास होते.

डेड मनी म्हणजे दंड नाही. हे एकदा डोक्यात बसलं की साइट अर्धी समजली. साइनिंग बोनस खेळाडूच्या खात्यात आधीच गेलेला असतो. फक्त कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून लिहायची मुभा असते. खेळाडू गेला की वहीत लिहायचा राहिलेला सगळा भाग एकदम अंगावर येतो.

एक कल्पित करार घेऊ. पाच वर्षं, साइनिंग बोनस ५ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला १ कोटी. दोन वर्षं झाली, वहीत ३ कोटी बाकी. यंदाचा मूळ पगार २.५ कोटी, तोही हमीचा. कॅपवर आकडा ३.५ कोटी. आता चार पर्याय एकेक करून दाबून पाहा.

१ जूनच्या आधी ट्रेड: पगार खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो, बाकी ३ कोटी यंदाच अंगावर. बचत फक्त ५० लाख. एवढ्यात बरा पर्यायी क्वार्टरबॅक मिळत नाही.

१ जूननंतर ट्रेड: यंदा १ कोटी, पुढच्या वर्षी २ कोटी. यंदाची बचत २.५ कोटी. आकडा छान दिसतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, एप्रिलअखेरीस होऊन गेलेला असतो. जूनमध्ये विकला तर मोबदल्यात मिळणारे पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) पुढच्या वर्षाचे, म्हणजे त्याच्या जागी नवा पोरगा यंदा त्या पिकवर घेता येत नाही.

थेट सोडला: हमीचा पगारही आपल्याच डोक्यावर. डेड मनी ५.५ कोटी, म्हणजे ठेवण्यापेक्षा २ कोटी जास्त खर्च.

करार फिरवला: २.५ कोटींच्या पगारातले २ कोटी बोनसमध्ये बदलले आणि उरलेल्या तीन वर्षांवर वाटले. यंदा सुमारे १.३३ कोटी सुटले. मात्र पुढच्या मार्चमध्ये विकायचं म्हटलं तर डेड मनी २ कोटींऐवजी ३.३३ कोटी. ज्या संघांनी आपला म्हातारा स्टार दोन-तीनदा असा फिरवलाय, त्यांना दुखापतीनंतर विकायचा रस्ता जवळपास बंद असतो. त्यांच्या चाहत्यांनी ट्रेडच्या पानावर वेळच घालवू नये.

साइटवर पर्याय शेजारीशेजारी असल्यामुळे आणखी एक घोळ होतो. खेळाडू मार्चमध्येच सोडून त्याचा हिशेब १ जूननंतरचा धरायची सवलत आहे, संघाला वर्षाला दोन खेळाडूंपुरती. ही सवलत सोडण्यासाठी आहे, ट्रेडसाठी नाही. ट्रेड खरोखरच १ जूननंतर व्हावा लागतो. डेन्व्हरने मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला असंच सोडलं आणि ८.५ कोटी डॉलर दोन वर्षांत विभागले: ५.३ कोटी त्या वर्षी, ३.२ कोटी पुढच्या. तोच मनुष्य दोनच वर्षांपूर्वी दोन पहिल्या फेरीचे आणि दोन दुसऱ्या फेरीचे पिक, वर तीन खेळाडू देऊन आणला होता.

आता अ‍ॅरन रॉजर्स या क्वार्टरबॅकचं पान उघडा, सगळा धडा तिथे आहे. ग्रीन बेने एप्रिल २०२३ मध्ये त्याला न्यूयॉर्क जेट्सला दिलं. १ जूनच्या आधी दिलं, म्हणून ४ कोटी ३ लाख डॉलर एकाच वर्षात सोसले. त्यांनी ते का सोसले? कारण जॉर्डन लव्ह हा पोरगा स्वस्त करारावर आधीच तयार होता आणि पिक त्याच महिन्याच्या ड्राफ्टचे मिळत होते. ११ सप्टेंबरला जेट्सकडून चौथ्याच स्नॅपला (स्नॅप म्हणजे खेळातली एक चाल) रॉजर्सच्या टाचेची शीर तुटली. पुढे २०२४ मध्ये तो सतराच्या सतरा सामने खेळला, जेट्स ५-१२ वर राहिले, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनी त्याला सोडलं तेव्हा त्यांच्याही वहीत ४.९ कोटी उरले होते. एक म्हातारा, दोन संघ, दोन्हीकडे खड्डा. फरक इतकाच की ग्रीन बेने खड्डा खणायच्या आधी भराव आणून ठेवला होता.

त्या सौद्यातली अट साइटच्या तक्त्यात दिसणार नाही, आणि जायबंदी खेळाडूच्या ट्रेडमध्ये खरा भाव अटीतच असतो. जेट्सने २०२४ चा दुसऱ्या फेरीचा पिक कबूल केला होता. रॉजर्स ६५ टक्के स्नॅप खेळला असता तर तो पहिल्या फेरीचा झाला असता. चार स्नॅपमध्ये विषय आटोपला, ग्रीन बेला दुसऱ्या फेरीवर समाधान मानावं लागलं. उलट उदाहरण कार्सन वेन्ट्झचं. फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये तो इंडियानापोलिसला दिला, ३.३८ कोटींचा डेड मनी घेतला, अट ७५ टक्के स्नॅपची. ऑगस्टमध्ये त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली तरी तो सगळे सामने खेळला आणि दुसऱ्या फेरीचा पिक पहिल्या फेरीचा झाला. विकणाऱ्याने टक्केवारी खाली ओढायची, घेणाऱ्याने वर. घासाघीस करायची तर इथे करावी.

पिकची किंमत ताडायला याच साइटवर फिट्झजेराल्ड-स्पीलबर्गर तक्ता आहे. जुन्या जिमी जॉन्सन तक्त्यापेक्षा तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जास्त मान देतो, आणि दुखापतवाल्या क्वार्टरबॅकच्या सौद्यात चलन तेच असतं. म्हणून हा तक्ता वापरावा. संघाचे मॅनेजर मात्र फोनवर कोणता तक्ता समोर ठेवून बोलतात, हे गृहीत धरू नये.

साइट जिथे हात टेकते ती जागा म्हणजे शरीर. कळमन्याच्या बाजारात ढिगात हात घातल्याशिवाय संत्र्याचा भाव कोणी सांगत नाही. इथेही बहुतेक ट्रेड वैद्यकीय तपासणीवर अडलेले असतात. मोसम सुरू असताना दुखापत झाली तर तपासणीत पास होणं अवघड, आणि ट्रेडची मुदत नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संपते. टाचेची शीर, कोपर, खांदा, मान या चारही दुखापतींना साइटवर एकच किंमत: शून्य. जो मोन्टाना कोपरामुळे १९९१ चा अख्खा आणि १९९२ चा जवळपास अख्खा मोसम बसला होता, तरी १९९३ मध्ये कॅन्सस सिटीने त्याच्यासाठी पहिल्या फेरीचा पिक मोजला. तेव्हा त्याच्या जुन्या संघाकडे, सॅन फ्रान्सिस्कोकडे, स्टीव्ह यंग हा वारस होता आणि कॅप १९९४ ला आली, त्यामुळे वहीचा प्रश्नच नव्हता.

हमीच्या रकान्याबाबतही जपून. काही हमी पूर्ण असते, काही फक्त दुखापतीपुरती, आणि दुसरी बऱ्याचदा मार्चमध्ये ठरलेल्या तारखेला पूर्ण हमीत बदलते. तारीख चुकली की हिशेब उलटा. पेटन मॅनिंगला इंडियानापोलिसने ७ मार्च २०१२ ला सोडलं, कारण ८ तारखेला २.८ कोटी डॉलरचा बोनस द्यायचा होता. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा पूर्ण मोसम तो खेळला नव्हता. अशा वेळी समोरचा संघ फक्त एक दिवस थांबतो आणि पिक न देता माणूस मिळवतो. इंडियानापोलिसच्या हाती मोबदल्यात एकही पिक लागला नाही.

पगार जड असेल तर तो वाटून घ्यायचीही सोय आहे, आणि साइटच्या ट्रेड पर्यायात ती येत नाही, हातानेच मांडावी लागते. जुलै २०२२ मध्ये क्लीव्हलँडने खांद्याच्या दुखापतीतून उठलेला बेकर मेफिल्ड कॅरोलिनाला दिला. पगार सुमारे १.८९ कोटी, पूर्ण हमीचा. क्लीव्हलँडने १.०५ कोटी स्वतः भरले, कॅरोलिनाने ४८ लाखांच्या आसपास, ३५ लाख मेफिल्डने सोडले. मोबदला पाचव्या फेरीचा पिक, ७० टक्के स्नॅप खेळला तर चौथ्या फेरीचा.

तर विकावा का? आमचा कौल: वहीत दोन वर्षांपेक्षा कमी बोनस उरलाय आणि स्वस्त करारावरचा वारस संघात बसलाय, या दोन्ही गोष्टी असतील तर मार्च-एप्रिलमध्ये विकावा, डेड मनी एकदाच गिळावा. वारस नसेल तर ५० लाख वाचवायला ३.५ कोटींचा माणूस देण्यात शहाणपण नाही; तो बरा होईपर्यंत थांबावं. साइटला हिशेबासाठी पाचपैकी साडेचार, अर्धा गुण अटी न दिसण्याचा कापला.

वापरायची वेळ: एनएफएलचं नवं वर्ष मार्चच्या मध्यावर आपल्याकडच्या रात्री १:३० ला सुरू होतं, तेव्हाच ट्रेडच्या बातम्या कोसळतात. त्या रात्री साइटवरचे आकडे जुन्या कराराचे असू शकतात, कारण खेळाडू जाताना बरेचदा करार बदलतात. तपशील बाहेर यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर गाडीवर पैज लावू नये.