कोल्हापुरी की रबरी स्लिपर?

एप्रिल लागला की बूट माळ्यावर जातात आणि दाराशी दोनच जोड उरतात.

स्लिपर स्वस्त, हलकी, धुतली की स्वच्छ. न्हाणीघरात आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत तिला तोड नाही. पण ती निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आवळावी लागतात. जुनी स्लिपर उलटी करून बघा: टाचेखालचं रबर झिजून पापडासारखं झालेलं, तेही एका बाजूला तिरकं. तिच्यावर रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्याला सकाळी अंथरुणातून उतरताना टाचेत कळ येऊ शकते, कारण टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याच्या आतला जाड पट्टा ताणलेला असतो. शिवाय घामानं पाय आत घसरतो तो वेगळाच.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. ते घाम शोषतं आणि हळूहळू पावलाचा आकार घेतं. पहिले चार दिवस मात्र अंगठ्याशी चावते. आमच्याकडे रात्री पट्ट्यांना खोबरेल लावून ठेवतात. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून तळ काही मऊ झाला नाही! तो सपाट आणि कडकच, त्यामुळे सपाट पावलांच्या माणसानं लांब चालायला ती घेऊ नये.

भेगांच्या बाबतीत दोघी सारख्याच, टाच उघडीच राहते.

मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर दोन्ही नकोत. मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ सच्छिद्र रबराची, चप्पल घ्या. बाकी माझं मत कोल्हापुरीला, वळवाचा पाऊस येईपर्यंत.