सशाच्या पिल्लाची नखं: घरी कापावीत की डॉक्टरांकडे?

सशाला एकूण 18 नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. साधारण चार ते सहा आठवड्यांनी ती पुन्हा वाढतात, त्यामुळे घरी की डॉक्टरांकडे, हा निर्णय एकदाचा घेऊन टाकलेला बरा.

डॉक्टरांकडे काम काही मिनिटांत उरकतं, हात सराईत असतो आणि त्याच फेरीत दात, वजनही बघून होतं. त्रास असतो तो जाण्या-येण्याचा. पिंजऱ्यातला प्रवास आणि शेजारी बसलेल्या कुत्र्याचा वास, यानेच पिल्लू नखं कापण्यापेक्षा जास्त बिथरतं. घरी ही दगदग नाही, शिवाय पाय हातात घेऊ देण्याची सवय लहानपणीच लागते. माझ्या मते पहिल्या वेळी डॉक्टरांकडे जावं, ते पिल्लू कसं धरतात ते नीट बघून घ्यावं आणि पुढे घरी कापावीत. नख वळून मांसात घुसायला लागलं असेल किंवा मुळापासून तुटलं असेल, तर मात्र घरी हात लावू नका.

कशाने कापायची? आपलं नेलकटर घरात असतंच आणि पिल्लाचं पातळ नख त्याने कापलंही जातं. पण ते नख वरून-खालून दाबतं, म्हणून नख जाड झालं की चिरतं. मांजरांसाठी मिळणारी छोटी, पात्याला अर्धगोल खाच असलेली कात्री मला सगळ्यांत बरी वाटते, कारण पातं नेमकं कुठे टेकलंय ते दिसतं. भोकात नख घालून कापायचं कटर वळवळणाऱ्या पिल्लावर वापरणं म्हणजे हलत्या सुईत दोरा ओवणं. घासणाऱ्या मशीनने जास्त कापलं जाण्याची भीती कमी, पण तिचा आवाज, थरथर आणि तिच्यात गुंतणारे पंजाचे केस बघता नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

खरी गोची हत्यारापेक्षा धरण्यात आहे. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू भलतेच ताकदवान. हवेत जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. म्हणून जमिनीवर बसूनच काम करावं, मागच्या भागाला हाताचा आधार हवाच. कान धरून उचलणं तर कधीच नको. एकाने छातीशी धरायचं, दुसऱ्याने कापायचं, ही पद्धत सगळ्यांत सोपी. एकटे असाल तर टॉवेलात गुंडाळून एकेक पाय बाहेर काढा, पण नाक मोकळं ठेवा. ससा नाकानेच श्वास घेतो आणि टॉवेलात लवकर तापतो. पाठीवर उताणं केलेलं पिल्लू शांत दिसतं खरं, पण ते भीतीने थिजलेलं असतं. ती युक्ती नको.

पांढऱ्या नखात रक्तवाहिनीची गुलाबी रेघ स्पष्ट दिसते, तिच्यापुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. काळ्या नखाला मागून टॉर्च लावा. तरीही दिसत नसेल तर कात्री टेकवून नख अगदी हलकं दाबा. पिल्लाने पाय झटकन ओढला तर तुम्ही जिवंत भागावर आहात, टोकाकडे सरका. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं नख केसांत दडलेलं असतं. ते जमिनीला टेकतच नाही म्हणून झिजत नाही आणि हमखास विसरलं जातं.

रक्त आलंच तर रक्त थांबवणारी पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर लावून काही मिनिटं दाबून धरा. दहा मिनिटांतही थांबलं नाही तर डॉक्टर गाठा.

सगळी नखं एका बैठकीत की थोडी थोडी? डॉक्टरांकडे अर्थातच सगळी. घरी तशी घाई नाही. आज एक पंजा झाला, पिल्लू वैतागलं, तर सोडून द्या, बाकीचे उद्या. नंतर ते गवत खायला लागलं का आणि लेंड्या पडताहेत का, एवढं बघा. खाणं बंदच झालं तर सकाळची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.