मुलींचा रॉक कॅम्प: गिटार शिकायला पाठवत असाल तर आधी हे वाचा

आधीच सांगते, हा गिटारचा क्लास नाही. आठवड्याभरात पोरगी सफाईदार वाजवायला लागेल या आशेने फी भरली असेल तर शेवटच्या शोला तुमचं तोंड वाकडं होणार. माझी लेक अकरा वर्षांची, तोवर गिटार तिने फक्त दुसऱ्यांच्या हातात बघितलेली, आणि शोच्या दिवशी ती चार जणींच्या बँडमध्ये स्वतः लिहिलेलं गाणं वाजवत होती. गाणं चांगलं होतं का? नाही हो. मध्येच ताल सुटला, गाणारी एक कडवं खाऊन पुढे गेली, बाकीच्या तिला शोधत बसल्या. गाण्याचा विषय दातांच्या ब्रेसेस आणि कोरसमध्ये नुसतं "काढा हे, काढा हे" असं ओरडायचं. पण ओरडल्या काय, बाप रे!

अशा कॅम्पचं गणित साधारण सगळीकडे सारखंच असतं. पहिल्याच दिवशी वाद्य निवडायचं (गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड नाहीतर गाणं), लगेच बँड बनवायचा, मग रोज थोडा वेळ वाद्य शिकायचं, थोडा वेळ बँडची प्रॅक्टिस, मध्ये वर्कशॉप, आणि आठवड्याच्या शेवटी खऱ्या स्टेजवर शो. वाद्यं तेच देतात, शिकवणाऱ्या बहुतेक सगळ्या बायकाच, त्यातल्या बऱ्याच जणी स्वतः बँडमध्ये वाजवणाऱ्या. ही सगळी कल्पना अमेरिकेतल्या पोर्टलंडची, २००१ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीत स्त्री-अभ्यास शिकणाऱ्या मिस्टी मॅकेलरॉयने प्रोजेक्ट म्हणून पहिला कॅम्प घेतला आणि तिथून हे लोण जगभर गेलं.

आता शिकवतात काय ते सांगते, कारण मला ते भारी हुशारीचं वाटलं. सगळ्यात जाड तार एक स्वर खाली उतरवतात, म्हणजे 'ई'ची 'डी' करतात, की तीन जाड तारांवर एकच बोट आडवं ठेवलं तरी सा-प-सा वाजतो. गंधार नाहीच त्यात, म्हणून कितीही डिस्टॉर्शन (मुद्दाम आवाज फाडणारा इफेक्ट) लावा, आवाजाचा चिखल होत नाही. बोट सरकवलं की पुढची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गट! बोटं दुखवत महिनोन्‌महिने सी आणि जी कॉर्ड घोटायची गरजच नाही, दुपारपर्यंत पोरगी काहीतरी दणदणीत वाजवत असते. शुद्ध शॉर्टकट आहे, मान्य, पण आठवड्याभराच्या कॅम्पला दुसरं काय परवडणार.

सक्षमीकरण वगैरे जे माहितीपत्रकात छापलेलं असतं ना, त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आत्मविश्वासावरचं जे वर्कशॉप होतं ते लेकीला कंटाळवाणं वाटलं, आणि तिने सांगितलं त्यावरून मलाही वाटलं असतं. खरं काम झालं ते वायरी आणि अँपमध्ये (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा). तिथे कोणी दादा येऊन सेटिंग करून देत नाही, आपला अँप आपणच उचलायचा, व्हॉल्यूम शून्यावर आणायचा, मग जॅक घालायचा, मगच अँप चालू करायचा. नाहीतर असा फाटकन आवाज येतो की सगळ्या खोलीला कळतं कोण विसरलं ते. अँपच्या फार जवळ उभं राहिलं की गिटार कोकलायला लागते, तर लेक आधी दचकायची आणि नंतर मुद्दाम जवळ जायला लागली. घरात "हळू" ऐकून मोठ्या झालेल्या पोरीला कोणीतरी म्हणतंय की अजून वाढव, हा फरक मला दिसला बरं का. गाणार कोण यावरून बँडमध्ये भांडणही झालं, कोचने मिटवलं नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाली आणि चक्क बाजूला बसून राहिली. मला फोन आला असता तर मी नक्की नाक खुपसलं असतं.

इतिहासाचा तासही चांगला असणार, कारण घरी येऊन तिने मलाच सुनावलं की एल्विसचं म्हणून जे 'हाउंड डॉग' गाणं लोक गातात ते त्याच्या आधी १९५२ मध्ये विली मे थॉर्नटन या गायिकेने रेकॉर्ड केलं होतं, आणि इलेक्ट्रिक गिटार गाजवणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्पला रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला २०१८ उजाडलं. ती १९७३ लाच गेली होती. हे सांगताना लेकीचा पारा असा चढलेला की जणू तो निर्णय मीच लांबवला.

आता तक्रारी. एक नंबरची, कानांची. बंद खोलीत तीन ड्रमसेट एकदम चालू, इअरप्लगचा डबा दाराशी ठेवलेला पण घाला म्हणून कोणी मागे लागत नाही. हे चालणार नाही. ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पोरींना जोरात वाजवायला शिकवताय तर कान सांभाळायलाही शिकवा की! दुसरं, लेकीला आधी मोठ्यांची गिटार दिली, हात पोचेना, मागितल्यावर लहान मापाची मिळाली. ती होती तर आधीच का नाही दिली? आणि शोची वेळ आम्हाला आदल्या रात्री कळवली, नोकरी करणाऱ्या आईबापांनी काय करायचं.

ज्यांना परीक्षा द्यायच्यात, राग-स्केल पक्के करायचेत, त्यांनी नियमित गुरू शोधावा. लाजरी असेल, भांडकुदळ असेल, घरात टेबल बडवत असेल तर खुशाल पाठवा. फी जड वाटली तर सवलत विचारा, बऱ्याच कॅम्पमध्ये असते पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. स्वतःचे इअरप्लग बॅगेत घाला. आणि ड्रम्स हवे असतील तर एका सेटमागे किती मुली ते आधी विचारून घ्या, आमच्याकडे निम्मा वेळ पोरी रबरी पॅडवर काठ्या आपटत नंबर लागायची वाट बघत होत्या.