पूर्णवेळ कोर्स की अर्धवेळ? नोकरी बदलून कोडिंगकडे वळणाऱ्या स्त्रियांसाठी

पूर्णवेळ कोर्स १२ आठवड्यांचा, आठवड्याला ४० तास धरले, तर ४८० तास होतात. तेवढाच अभ्यास आठवड्याला १२ तासांनी करायचा तर ४० आठवडे लागतात. तास सारखे, शिकणं मात्र सारखं होत नाही.

पूर्णवेळात चूक ताजी असतानाच सापडते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांब, ही सूचना) लिहायचं राहिलं की माहितीऐवजी नुसतं प्रॉमिस (माहिती नंतर मिळेल, एवढंच आश्वासन) हाती येतं आणि कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रामचे संदेश दिसतात त्या खिडकीत, ‘पेंडिंग’ दिसतं. शेजारी शिक्षक असेल तर हे १० मिनिटांत उलगडतं. रात्री मूल झोपल्यावर एकटीने बसलेल्या बाईची त्यात अख्खी रात्र जाते, आणि ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं वाटायला लागतं. जमतं; फक्त विचारायला कुणीतरी हवं.

पण पूर्णवेळात दोन दिवस आजारपणात गेले की १६ तास बुडतात, वर्ग थांबत नाही. शिवाय पगार बंद. कोर्सचे ३ महिने आणि नंतर नोकरी शोधण्याचे किमान ६, एवढा घरखर्च आधीच बाजूला हवा.

अर्धवेळात पगार चालू राहतो. दोन आठवडे खंड पडला की मात्र लूप, फंक्शन अशा पायाभूत गोष्टी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रोज ३० मिनिटं तरी स्वतः कोड लिहून गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करावा, म्हणजे नोंदवून ठेवावा. व्हिडिओ बघणं त्यात धरू नये.

घरात लहान मूल असेल आणि शिल्लक कमी असेल, तर आम्ही अर्धवेळच सुचवू, पण शंका २४ तासांत सुटतील अशी सोय असेल तरच. फी भरण्याआधी एक वर्ग बसून बघा आणि मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतात ते लेखी घ्या.