जुन्या नाशकातला सुटा ग्रीन टी: पाने चांगली, लेबल मात्र भरकटलेले

जुन्या नाशकात चहापत्ती वजनावर विकणाऱ्या एका दुकानातून दोन महिन्यांपूर्वी मी 100 ग्रॅम ग्रीन टी 340 रुपयांना घेतला. पाने अखंड आणि घट्ट वळलेली आहेत, तळाशी भुकटी फारशी नाही, आणि साधारण 80 अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवल्यावर ती इतकी उलगडतात की कडेची दातेरी नक्षीसुद्धा दिसते. अर्क फिकट पिवळसर हिरवा उतरतो आणि त्याला कोवळ्या मक्याच्या कणसासारखा वास येतो. उकळते पाणी ओतण्याची चूक मी पहिल्याच दिवशी केली आणि तो कप कडूजहर झाला. त्यात दुकानदाराचा दोष नाही.

तक्रार आहे ती पाकिटावरच्या लेबलाबद्दल. हा चहा पेशींच्या आत शिरून विषारी द्रव्ये बाहेर ओढून काढतो, असे त्यावर लिहिले आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. ग्रीन टीमधल्या कॅटेचिनांचे, म्हणजे चहाला तुरटपणा देणाऱ्या संयुगांचे, पेशीशी जे प्रत्यक्ष नाते प्रयोगांत दिसले आहे, त्यातला मोठा भाग पेशीच्या आत नव्हे, तर तिच्या उंबरठ्यावरच, म्हणजे पेशीपटलावर, घडतो.

पेशीपटल म्हणजे फॉस्फोलिपिडांचा अवघा चार-पाच नॅनोमीटर जाडीचा दुहेरी थर. त्यातल्या रेणूंची जलस्नेही डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे असतात आणि मेदाच्या शेपट्या मधे दडलेल्या असतात. ग्रीन टीमधले प्रमुख कॅटेचिन म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, थोडक्यात ईजीसीजी. त्याच्या रेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते फॉस्फोलिपिडाच्या डोक्याजवळच्या ऑक्सिजनांशी हायड्रोजन बंध जोडतात, त्यामुळे हा रेणू थर भेदून सरळ आरपार जाण्याऐवजी डोकी आणि शेपट्या यांच्या सीमेवर रुतून बसतो. ही पकड मुख्यतः गॅलेट या भागामुळे येते. तो नसलेली साधी कॅटेचिने पटलाला फारशी चिकटत नाहीत. गंमत अशी, की एक हायड्रॉक्सिल कमी असलेले एपिकॅटेचिन गॅलेट (ईसीजी) हे ईजीसीजीपेक्षाही घट्ट बसते, कारण त्याला पाण्याची ओढ थोडी कमी असते. 1993 साली जपानी संशोधकांनी कृत्रिम मेदपुटिकांवर, म्हणजे पेशीपटलासारख्याच थराच्या सूक्ष्म पिशव्यांवर, ईजीसीजी सोडले तेव्हा पुटिकांमधला रंग बाहेर झिरपला, आणि गॅलेट नसलेल्या एपिकॅटेचिनाने मात्र तसे फारसे झाले नाही. जिवाणूंच्या आवरणावरून पडणाऱ्या दोन गटांपैकी ग्रॅम-धन जिवाणूंवर कॅटेचिनांचा परिणाम अधिक होतो आणि ग्रॅम-ऋण जिवाणू बरेचसे बचावतात, याचेही एक कारण असेच भौतिक आहे: ग्रॅम-ऋण जिवाणूंचे बाहेरचे, ऋणभारित आवरण आड येते.

मात्र हे सारे किती मात्रेत घडते, हे लेबल लिहिणाऱ्याने विचारातच घेतलेले नाही. चांगल्या उतरलेल्या एका कपात साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम ईजीसीजी असते, म्हणजे तोंडात त्याची तीव्रता अर्धा ते एक मिलिमोलरच्या घरात जाते. तोच कप पोटात गेल्यावर रक्तातली तीव्रता बहुधा एक मायक्रोमोलरच्या, म्हणजे मिलिमोलरच्या हजाराव्या भागाच्याही, खाली राहते. म्हणून चहाच्या या चिकटपणाचा पुरावा हवा असेल, तर तो जिभेवरच शोधावा. घोट घेतल्यावर गालांच्या आत जो कोरडा, ओढल्यासारखा तुरटपणा जाणवतो, तो मुख्यतः कॅटेचिने लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचे बुळबुळीत वंगण काढून घेतात म्हणून येतो. आपल्याकडच्या थॉमसन द्राक्षांना बी नसते, पण वाइनच्या द्राक्षाची बी कधी चावून पाहिली असेल, तर हाच तुरटपणा ओळखीचा वाटेल, कारण त्या बीमध्येही याच कुळातली संयुगे असतात.

चहात दूध घातले की कॅटेचिने केसिन या दुधातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि तुरटपणा मावळतो. घरी आईने पहिला कप तसाच केला होता. तिला आवडला, मला नाही. जेवणाला लागून हा चहा मी टाळतो, कारण तो अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करतो.

त्याच दुकानात गल्ल्याशेजारी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलही ठेवल्या आहेत. त्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताला इजा दर्शवणारी विकरे (एन्झाइम) रक्तात वाढल्याचे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदवले आहे. कपाने चहा पिणे ही निराळी गोष्ट.

आणखी एक उणीव म्हणजे दर्शनी काचेच्या बरण्या. त्यांवर दुपारचे ऊन येते आणि त्यातली पाने तपकिरी पडू लागली आहेत, तेव्हा आतल्या पत्र्याच्या डब्यातला माल मागून घ्यावा. लेबलाचे मी दुकानदार काकांच्या कानावर घातले, तर ते हसून म्हणाले, “सर, लेबलं छापखान्यातून तयारच येतात. तुम्ही चव कशी वाटली ते सांगा.” चव आवडली होती, म्हणून आणखी 100 ग्रॅम बांधून घेतला.