हर्पिसची घरपोच तपासणी: रिपोर्ट निरुपयोगी, डॉक्टर उपयोगी

चुंबनानंतर दुसऱ्याच दिवशी त्या व्यक्तीने सहज सांगितले की तिच्या ओठावर अधूनमधून जर (हर्पिसच्या विषाणूमुळे येणारा फोड) उठतो, आणि तेवढ्यावरून माझी झोप उडाली. तिसऱ्या दिवशी मी एका ऑनलाइन प्रयोगशाळेचे ‘हर्पिस पॅनेल’ मागवले. घरी येऊन रक्त नेणे आणि रिपोर्टनंतर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे, असे दोन्ही त्यात होते.

रक्त घेणारा तंत्रज्ञ वेळेवर आला, सुई नवी होती, रिपोर्टही सांगितल्या वेळेत मिळाला. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रिपोर्टबद्दल आहे. एचएसव्ही-१ (ओठावरच्या हर्पिसचा नेहमीचा विषाणू) याविरुद्ध शरीराने बनवलेली आयजीजी प्रतिपिंडे लाल, ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’, त्याखाली आयजीएम हा प्रतिपिंडांचाच दुसरा प्रकार ‘संदिग्ध’, आणि या दोन शब्दांचा अर्थ सांगणारी एक ओळही नाही. डॉक्टरांची वेळ तीन दिवसांनंतरची मिळाली. ते तीन दिवस मी आरशासमोर ओठ ताणून पाहण्यात घालवले आणि गालाच्या आत आलेल्या एका साध्या पांढऱ्या फोडालाही हर्पिस ठरवून मोकळा झालो.

डॉक्टरांनी मात्र पहिल्या पाच मिनिटांत सगळे उलगडले. आयजीजी प्रतिपिंडे रक्तात दिसण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन-चार महिनेही लागतात; म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या रक्तात सापडलेली प्रतिपिंडे त्या चुंबनाची असूच शकत नव्हती. आयजीएमवर तर विसंबूच नये, कारण ती जुन्या संसर्गातही वर येते आणि संसर्ग नसतानाही खोटी पॉझिटिव्ह दाखवते. मग त्यांनी विचारले, “लहानपणी तापानंतर ओठाच्या कडेला कधी फोड यायचे का?” यायचे. शाळेत असताना दोनदा तरी आले होते आणि आम्ही त्याला ‘उष्णता’ म्हणून सोडून दिले होते. ज्याच्या संसर्गाला मी घाबरत होतो, तो विषाणू बहुधा वीसेक वर्षांपासून माझ्याच चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत मुक्कामाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ६४ टक्के लोकांत एचएसव्ही-१ असतो, हेही त्यांनी सांगितले. गालाच्या आतला फोड म्हणजे नुसते तोंड येणे, त्याचा हर्पिसशी संबंध नाही, असे म्हणून त्यांनी तो विषय एका वाक्यात संपवला. (घरच्यांनी हर्पिस म्हणजे नागीण समजून वेगळाच घोळ घातला होता, नागिणीचा विषाणू निराळा.)

माझा खरा आक्षेप क्रमाला आहे. लक्षणे नसताना हर्पिससाठी रक्त तपासू नये, असा सल्ला अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसीही देते. नवा संसर्ग झालाच तर फोड साधारण २ ते १२ दिवसांत दिसतो, आणि तो ओला असताना, शक्यतो पहिल्या ४८ तासांत, त्यावरून स्वॅब घेऊन पीसीआर केल्यास निदान पक्के होते. ही स्वॅबची सोय या पॅनेलमध्ये नाहीच. जी तपासणी कामाची ती विकत नाहीत, आणि जी निरुपयोगी ती घाबरलेल्या माणसाला रात्री साडेअकराला दोन बटणांत विकतात. डॉक्टर आधी भेटले असते तर रक्त काढावेच लागले नसते.

शेवटी डॉक्टरांनी दोनच सूचना दिल्या: ओठावर चुणचुण सुरू होताच कळवायचे, कारण विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या दिवशी घेतल्या तरच त्यांचा नीट उपयोग होतो, आणि फोड असताना कुणाचे, विशेषतः नवजात बाळाचे, चुंबन घ्यायचे नाही. चौदा दिवस उलटले, ओठ स्वच्छ आहे.

डॉक्टरांना पाचपैकी पाच तारे, पॅनेलला एक, आणि तोही वेळेवर आलेल्या तंत्रज्ञासाठी. काल प्रयोगशाळेचा संदेश आला: ‘आपला रिपोर्ट पॉझिटिव्ह असल्याने तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सवलतीत.’ एकदा पॉझिटिव्ह आलेली आयजीजी सहसा आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, एवढे उत्तर पाठवून मी त्यांचा क्रमांक बंद केला.