पिस्ता की सेज? घरासाठी फिका हिरवा निवडताना

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचं रंगकाम दिवाळीच्या आधी काढलं तेव्हा घरात एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की पीच आता बास, हिरवा हवा, पण डोळ्याला गार वाटेल असा फिका. तिथून पुढे तीन आठवडे गेले कारण शेडकार्डावर फिका हिरवा म्हणून पट्ट्यांवर पट्ट्या निघतात आणि दुकानाच्या ट्यूबलाईटमध्ये त्यातल्या निम्म्या सारख्याच दिसतात. शेवटी मी त्यांची चार घराणी पाडली, पिवळ्याकडे झुकणारा पिस्ता, राखाडीकडे झुकणारा सेज, निळ्याकडे झुकणारा मिंट किंवा सी ग्रीन, आणि मातकट ऑलिव्ह. एकदा हे कळलं की कार्ड वाचता येतं, पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवायची आणि बघायचं की हिरव्याच्या मागे कोण उभं आहे.

खरी लढत पिस्ता आणि सेजमध्येच असते.

पिस्ता म्हणजे दुधी किसल्यावर सालीलगत जो रंग दिसतो ना, तो. त्याच्यात पिवळा असल्यामुळे कमी उजेडातही तो मरत नाही, खोली उबदार राहते, आणि घरातल्या मोठ्या माणसांना तो लगेच आवडतो कारण चुन्यात हिरवा कालवून दिलेल्या जुन्या घरांच्या भिंती त्यांनी पाहिलेल्या असतात. पण कार्डावर गोड दिसणारा पिस्ता चार भिंतींवर लागला की दुप्पट चढतो, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात, आणि त्यात पश्चिमेचं ऊन आलं की संपलं, सरळ पोपटी. आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, तिथे नमुना लावून बघितला तर सकाळी छान आणि साडेचारनंतर सोफ्यावर बसलेल्या माणसाचा चेहराही हिरवट-पिवळा दिसायला लागला. मला तिथेच कळलं की हा हॉलचा रंग नाही.

सेज म्हणजे तुळशीचं पान वाळवून ठेवल्यावर जसं दिसतं तसा, हिरवा आहे पण ओरडत नाही. ऊन खातो हा रंग. दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला जवळपास तोच राहतो, सागवानी फर्निचरच्या तांबूस तपकिरीला उठाव देतो, पडदे कुठलेही चालतात. मग सगळीकडे सेजच का नाही? कारण उजेड नसेल तर त्यातला हिरवा विझतो आणि राखाडी उरतो, म्हणजे प्लास्टर करून रंग द्यायचा राहिलेल्या भिंतीसारखं दिसतं. डक्टकडे उघडणारी खोली, समोर दुसरी बिल्डिंग खेटून असलेला पहिला मजला, इथे सेज लावू नका असं मी अगदी कळकळीने सांगेन, आणि आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने आभाळ भरलेलं असतं हेही लक्षात घ्या.

मिंट थोडक्यात. छोट्या बाथरूममध्ये छान, मोठ्या खोलीत गार पडतो. दवाखान्यासारखं वाटतं असं लोक म्हणतात त्याला कारण आहे, 1914 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने पांढऱ्या ऑपरेशन थिएटरच्या जागी हिरवं करून घेतलं, कारण लाल रक्ताकडे बराच वेळ बघून पांढऱ्यावर नजर टाकली की डोळ्यापुढे हिरवट डाग तरळतात आणि चकाकीनेही त्रास होतो. पुढे हिरवा आणि दवाखाना ही जोडीच झाली, आणि आपल्याकडे तर कमरेपर्यंत सी ग्रीन ऑईलपेंटचा पट्टा सगळ्यांनीच बघितलाय. बेडरूमला ती आठवण नको.

ऑलिव्ह, म्हणजे वाळलेल्या कढीपत्त्याचा, एका भिंतीपुरता घ्या, पलंगामागच्या किंवा टीव्हीच्या. बाकी तीन ऑफ-व्हाईट.

आता खोलीची दिशा. उत्तरेच्या खिडकीतला उजेड वर्षभर बहुतेक वेळ आभाळाचा असतो, थेट उन्हाचा नाही, त्यामुळे तो निळसर येतो आणि सेज तिथे आणखी राखाडी होतो. पुण्या-मुंबईकडे साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भरदुपारीही डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, तेव्हा मे महिन्यात उत्तरेची खोली बघून "अरे, इथे तर ऊन येतं" असं ठरवलंत तर दिवाळीत फसाल. उत्तरेला पिस्ता, पण कार्डावर आवडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिका. पश्चिमेला आणि दक्षिणेला सेज. पूर्वेला दोन्ही चालतात, मी आईच्या खोलीला पिस्ता दिला कारण ती सकाळी तिथेच पोथी वाचत बसते आणि नऊनंतर ऊन निघून जातं. खिडकीबाहेर मोठं झाड असेल तर त्याच्या पानांतून येणारा उजेडच हिरवा असतो, तिथे भिंत कमी हिरवी घ्या.

बऱ्याच कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात, भिंत किती उजेड परत फेकते त्याचा, 0 म्हणजे काळा आणि 100 म्हणजे पांढरा. माझा अंदाज असा की अंधाऱ्या खोलीला 65 च्या खाली जाऊ नये, भरपूर उजेडाच्या हॉलला 50 पर्यंत चालतं.

फरशी कोणी बघतच नाही आणि नंतर पस्तावतात. जुन्या फ्लॅटमध्ये कोटा असेल तर तो मुळात हिरवट-करडा, त्याच्यावर सेज एकदम घरचा वाटतो आणि पिस्ता लावला की फरशी मळकी दिसते. हल्लीच्या आयव्हरी व्हिट्रिफाईड टाईल्सना पिवळी झाक असते, तिथे पिस्ता जुळतो आणि मिंट भांडतो.

दिवे त्याहून महत्त्वाचे, कारण नोकरी करणारा माणूस घरची भिंत बघतो ती रात्रीच. 6500 केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली सेज थंड राखाडी होतो, 3000 च्या पिवळ्या दिव्याखाली पिस्ता मूगडाळीकडे जातो. आम्ही हॉलमध्ये 4000 चे बसवले आणि सेज सावरला. रंग ठरायच्या आधी दिवे ठरवा, उलट करू नका.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावायचा नाही, ही आमची चूक झाली, मागे पीच होता त्यामुळे त्याच्याशेजारी हिरवा फारच हिरवा दिसला आणि आम्ही चांगला शेड उगाच नाकारत होतो. सगळ्यात छोटा डबा मिक्स करून घ्या, दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेला पांढरी किनार सोडा, पूर्ण वाळू द्या कारण इमल्शन वाळल्यावर बहुतेक वेळा थोडा गडद होतो, आणि मग तो पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या भिंतीवर, कोपऱ्यात असा फिरवा. सकाळ, दुपार, रात्री दिवे लावून. दोन दिवस लागतात, पण नंतरची चार-पाच वर्षं त्याच भिंतीसोबत काढायची असतात.

फिनिशमध्ये माझं मत मॅटकडे, भिंतीचे उंचवटे झाकतो आणि फिका हिरवा मॅटमध्येच मऊ दिसतो, पण लहान मुलं असतील तर पुसता येणारा हलका शीन, म्हणजे किंचित चकाकणारा फिनिशच घ्या. आणि पुटीच्या आधी ओल बघा. बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर पिस्ता असो की सेज, पहिल्याच पावसात फुगे येऊन पोपडे निघणार आणि फिक्या हिरव्यावर काळी बुरशी फार उठून दिसते.

एका कंपनीचा शेड दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त बेसमध्ये (बेस म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळून शेड करतात तो मूळ पेंट) "सेम टू सेम" करून देतो असं दुकानदार म्हणाला तर तो डबाही पुठ्ठ्यावर लावून बघा, आमच्याकडे तो तसूभर पिवळा निघाला होता. लागतील तेवढे लिटर एकदमच मिक्स करून घ्या, आणि शेडचा कोड, बेस, तारीख मार्करने डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा, उरलेला पाव लिटर पुढे स्विचबोर्डाभोवतीच्या टचअपला लागतो.